स्पर्शाचा इतिहास आणि फिजिओथेरपीचा प्रवेशअर्ज



प्रवेशाचे दिवस आले की बीडमध्ये आमच्याकडे मुलंमुली कागदांची पिशवी घेऊन येतात. आम्ही त्यांचे फॉर्म भरून देतो, तारखा लिहून देतो, तहसीलला सोबत जातो. मागच्या खेपेला गेवराई तालुक्यातली एक मुलगी आली होती. आईवडील दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्यावर जाणारे. मुलगी मात्र बी.पी.टीएच. झालेली, इंटर्नशिप पूर्ण केलेली, फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची सीईटी दिलेली. आता एम.पी.टीएच.साठी महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायचा होता. तिने यादीकडे पाहिलं आणि विचारलं, "दादा, मिळेल ते टाकू का?"

या 'मिळेल ते' शब्दांनी आम्हाला बेचैन केलं. हे शब्द तिचे नाहीत. येसकर पाळीला दारोदार फिरून जी भाकर मिळेल ती पदरात घ्यायची, गावकुसाबाहेर जी जागा मिळेल तिथे राहायचं, मुकादम जी उचल देईल ती घ्यायची. आमच्या आज्या-पणज्यांना जातिव्यवस्थेने हेच दोन शब्द शिकवले. आज पदवीधर झालेली त्यांची नात संगणकापुढे बसून तेच शब्द बोलते. म्हणून हा लेख. फिजिओथेरपीच्या प्रवेशाबद्दल आहे आणि इतिहासाबद्दलही आहे. आमचं म्हणणं एवढंच, की महाविद्यालय निवडणं हा आपला हक्क आहे, तो फार मोठी किंमत मोजून मिळालेला आहे, आणि 'मिळेल ते' म्हणणं म्हणजे तो हक्क न वापरता परत करणं आहे.

हात लावणारा विटाळला

फिजिओथेरपी म्हणजे काय? रुग्णाच्या दुखऱ्या अंगाला हात लावायचा, आखडलेला सांधा हळूहळू मोकळा करायचा, लुळ्या पडलेल्या स्नायूला पुन्हा काम शिकवायचं, पडलेल्या माणसाला उभं करून चालवायचं. यंत्रं आली, तरी या विद्येचा पाया स्पर्श आहे. ज्या देशात स्पर्शावरच हजारो वर्षं बंदी होती, त्या देशात ही विद्या कोणाच्या हातात जाते, हा प्रश्न साधा नाही.

मनुस्मृतीने वैद्याच्या घरचं अन्न निषिद्ध ठरवलं आणि श्राद्धाच्या पंगतीतून वैद्याला बाहेर ठेवलं. कारण उघड आहे. वैद्य कोणालाही हात लावतो, रक्त, पू, घाम यांना शिवतो. माणूस बरा करणारा हातच व्यवस्थेने बाटलेला मानला.

याच्या उलट परंपरा आपली आहे. विनयपिटकाच्या महावग्गात जीवकाची गोष्ट येते. राजगृहातल्या एका गणिकेचं मूल, जन्मताच उकिरड्यावर टाकलेलं. राजपुत्र अभयाने उचलून वाढवलं. मोठा झाल्यावर आपल्याला हातात विद्या पाहिजे हे ओळखून तो तक्षशिलेला गेला, सात वर्षं वैद्यक शिकला आणि पुढे बुद्धाचा आणि भिक्खुसंघाचा वैद्य झाला. उकिरड्यावरच्या मुलाने त्या काळातलं सर्वांत नामांकित विद्याकेंद्र निवडलं, जवळचं कुठलंही नाही, हे आपण लक्षात ठेवावं. त्याच ग्रंथात आजारी भिक्खूचाही प्रसंग आहे. अतिसाराने घाणीत पडलेल्या त्या भिक्खूला बुद्धाने आनंदासोबत स्वतःच्या हातांनी धुतलं, उचलून नीट निजवलं, आणि माझी सेवा करू पाहणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी असं संघाला बजावलं.

पण पुढे गावगाड्यात काय झालं? मराठवाड्यातल्या अनेक गावांत बाळंतपण करणारी सुईण मांगवाड्यातून किंवा महारवाड्यातून यायची. कळा सुरू झाल्या की तिचा हात चालायचा. नाळ कापून झाली, घर शिंपडून झालं, की तोच हात पुन्हा विटाळाचा. १८३६ मध्ये कलकत्त्यात मधुसूदन गुप्त यांनी मृतदेहाचं विच्छेदन केलं, तेव्हा ती इतिहासात नोंदवण्यासारखी घटना ठरली. पण पिढ्यान्‌पिढ्या मेलेली ढोरं ओढणाऱ्या, फाडणाऱ्या आमच्या माणसांना हाड कुठे जुळतं, स्नायू कुठे चिकटतो हे ठाऊक होतं. त्या ज्ञानाची नोंद कोणी केली? ज्ञान आमचं होतं, प्रमाणपत्र मात्र नव्हतं.

मालिशचं शास्त्र झालं, तेव्हा दारावर कोण होतं?

प्रमाणपत्राची ताकद काय असते हे फिजिओथेरपीच्या जन्मातच दिसतं. १८९४ मध्ये ब्रिटनमध्ये चार परिचारिकांनी एकत्र येऊन प्रशिक्षित मालिशकर्त्या स्त्रियांची संस्था काढली. तेव्हा तिकडेही मालिश बदनाम होती. या बायकांनी परीक्षा सुरू केली, नियम केले, संघटना बांधली. १९२० मध्ये त्यांच्या संस्थेला राजसनद मिळाली. पहिल्या महायुद्धातले जखमी सैनिक आणि पोलिओने अधू झालेली मुलं यांच्यामुळे जगभर या विद्येची गरज वाढली. बदनाम काम संघटनेच्या बळावर सन्मानाचा व्यवसाय झालं. यात आपल्यासाठी मोठा धडा आहे.

भारतात ही विद्या मुंबईतून आली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला के.ई.एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. १९५५ मध्ये हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक वैद्यक व पुनर्वसनाची संस्था उभी राहिली. म्हणजे सुरुवात सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत झाली, गिरणी कामगारांच्या आणि गरिबांच्या खाटांशेजारी झाली. पुढे पदवी आली, पदव्युत्तर पदवी आली, महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा २००२ चा कायदा आला, २०२१ मध्ये केंद्राचा संबद्ध आरोग्य व्यवसायांसाठीचा आयोग कायदा आला. व्यवसायाचा मान वाढला ही चांगलीच गोष्ट. पण मान वाढला तसतशी महाविद्यालयं मोठ्या प्रमाणात खासगी संस्थांच्या हातात गेली. स्पर्शाचं काम हलकं होतं तोवर ते आमच्यावर लादलं. त्याची पदवी झाली, तेव्हा दारावर फीची पाटी लागली. हा योगायोग आहे असं आम्हाला वाटत नाही.

बाबासाहेबांनी 'मिळेल ते' घेतलं नाही

आता बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेकडे पाहा. जयंतीच्या भाषणात आपण पदव्यांची यादी वाचतो. त्या पदव्यांमागची निवड मात्र फारशी सांगत नाही.

४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदा संस्थानाशी करार केला. दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी. बी.ए. झालेल्या महार तरुणाला तेव्हा मुंबईत कारकुनी मिळणंही नशीब समजलं गेलं असतं. त्यांनी न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ गाठलं. १९१५ मध्ये एम.ए. केलं. शिष्यवृत्तीचा प्रत्येक दिवस मोजून वापरला. १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये नाव घातलं. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, पारशी खानावळीतून हुसकावलं गेलं. इथे दुसरा कोणी थांबला असता. ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून पै-पै साठवली, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचं कर्ज घेतलं आणि १९२० मध्ये त्याच लंडनला, त्याच अभ्यासाकडे परत गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी.

यातून काय घ्यायचं? नामांकित विद्यापीठ गाठलं एवढंच नाही. पैशामुळे अर्धवट सुटलेला अभ्यास परत जाऊन पूर्ण केला, हे जास्त महत्त्वाचं आहे. एखाद्या वर्षी जागा मिळाली नाही, पैसे जमले नाहीत, तर आपली निवड चुकली असं होत नाही.

आणि त्यांनी ही वाट एकट्यापुरती ठेवली नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचं निवेदन सरकारपुढे ठेवलं. त्यात त्यांचा आग्रह होता की केवळ कला आणि कायद्याचं शिक्षण पुरेसं नाही, अस्पृश्य मुलांना विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या वरच्या पायऱ्या चढता आल्या पाहिजेत, आणि त्या खर्चिक असल्याने सरकारने पैसे दिले पाहिजेत. त्यातून वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद झाली आणि १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. आज महाडीबीटीवर आपण जी 'भारत सरकार शिष्यवृत्ती' निवडतो, तिचं मूळ इथे आहे. ते बटण दाबताना आपण कोणाचं देणं वापरतो, हे माहीत असावं.

एक गोष्ट आणखी. हे सगळं करणाऱ्या माणसाचे पाय दुखत होते. मधुमेह आणि मज्जातंतूंच्या वेदनेने बाबासाहेब वर्षानुवर्षं हैराण होते. राज्यघटनेचं काम त्यांनी त्या दुखण्यात केलं. शेवटच्या वर्षांत चालताना त्यांना आधार लागायचा. वेदनेने अडलेलं शरीर म्हणजे काय हे फिजिओथेरपी शिकणाऱ्या आपल्या मुलांनी पुस्तकाआधी इथे समजून घ्यावं.

मराठवाड्यात दार उशिरा उघडलं

बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावं लागे. १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तेच आपलं मिलिंद. आमच्या आधीच्या पिढीत जो कोणी शिकला, तो बहुतेक मिलिंदच्या वसतिगृहातून गेला. १९५६ मध्ये औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, १९७० च्या दशकात आपल्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं.

१९५६ ला धम्म स्वीकारला, तेव्हा आपल्या लोकांनी आणखी एक किंमत मोजली. बौद्ध झालेल्यांना केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या सवलती १९९० पर्यंत दिल्या नाहीत. राज्याच्या सवलतींवर भागवत, अर्धपोटी राहत लोकांनी मुलं शिकवली, पण धम्म सोडला नाही. निवड म्हणजे काय, हे त्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या मायबापांनी दाखवून दिलं.

मग नामांतर. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. विद्यापीठाच्या पाटीवर बाबासाहेबांचं नाव यायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९९८ मध्ये, नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं आणि राज्यातलं वैद्यकीय शिक्षण त्याच्या छत्राखाली गेलं. यात कट होता असं आम्ही म्हणत नाही. पण लढाईचं मैदान बदललं, हे आपल्या चळवळीने वेळेवर ओळखलं नाही. आपण विद्यापीठाच्या नावावर पहारा दिला आणि प्रवेशाचे नियम दुसरीकडे ठरत राहिले.

ते कसे ठरले? ऑगस्ट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इनामदार खटल्यात सांगितलं, की विनाअनुदानित खासगी व्यावसायिक महाविद्यालयांवर सरकार आरक्षण लादू शकत नाही. एका निकालाने आपल्या मुलांपुढची असंख्य दारं बंद होणार होती. देशभर ओरड झाली. संसदेने ९३ वी घटनादुरुस्ती करून कलम १५(५) आणलं, ते जानेवारी २००६ पासून लागू झालं आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने खासगी व्यावसायिक संस्थांतल्या आरक्षणाचा कायदा केला. २०१५ मध्ये प्रवेश आणि फी यांच्या नियमनाचा कायदा आला. म्हणजे खासगी फिजिओथेरपी महाविद्यालयात आज जी राखीव जागा दिसते, ती संस्थाचालकाची मेहरबानी नाही, घटनेतल्या दुरुस्तीची जागा आहे.

बीडचं शरीर

आणि फिजिओथेरपीच का, याचं उत्तर बीडच्या फडात आहे. बीड शहरात रेल्वे यायला सप्टेंबर २०२५ उजाडला, पण इथली माणसं त्याआधी कित्येक दशकं ट्रक-ट्रॅक्टरवर बसून सांगली, कोल्हापूर, कर्नाटकपर्यंत जात होती. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेपासून वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं. मान, कंबर, गुडघे यांचं काय होतं ते सांगायला एक्स-रे लागत नाही.

२०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने बीडच्या ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती. शस्त्रक्रिया झाली आणि बाई पुन्हा फडात गेली. पाठ, ओटीपोट, कमरेचे स्नायू यांना पुन्हा बळ देणारे व्यायाम तिला कोणी शिकवले? तिच्या वेदनेला या विद्येत उपाय आहे. पण विद्या शहरात आणि वेदना पाड्यावर. या दोन टोकांमध्ये जर कोणी उभं राहू शकत असेल, तर त्या पाड्यावर वाढलेली मुलगीच. म्हणून तिच्या पसंतीक्रमाला आम्ही राजकीय प्रश्न मानतो.

मग निवडायचं कसं?

पहिलं, प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच घ्या. संस्थास्तरावरच्या किंवा व्यवस्थापन कोट्याच्या जागेवर गेलात तर शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप हातची जाते. अभिमत विद्यापीठांचा प्रवेशाचा मार्ग वेगळा असतो आणि तिथे राज्याचं आरक्षण लागू होत नाही. सीटसाठी फोन करणारा दलाल ही गोष्ट कधीच सांगणार नाही. त्यात मुकादमाचीच रीत असते, आधी उचल आणि मग आयुष्यभर फेड.

दुसरं, इमारत पाहू नका, रुग्ण पाहा. महाविद्यालयाला जोडलेलं रुग्णालय किती चालतं? बाह्यरुग्ण विभागात रोज गर्दी असते का? अतिदक्षता विभागात, प्रसूती विभागात फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना जाऊ देतात का? चकचकीत यंत्रं आणि रिकाम्या खाटा यांतून हात तयार होत नाही. शासकीय किंवा महापालिकेच्या रुग्णालयाची जागा मिळत असेल, तर जुन्या भिंतींकडे बघून ती सोडू नका.

तिसरं, विषय आणि मार्गदर्शक. अस्थिस्नायू, मज्जासंस्था, हृदय-श्वसन, सामुदायिक फिजिओथेरपी, प्रत्येकाची वाट वेगळी. शहरात क्लिनिक टाकायचं म्हणून सगळे एकाच विषयामागे धावतात. सामुदायिक विषयाला कमी लेखू नका. ऊसतोड कामगारांच्या कंबरदुखीवर, शस्त्रक्रिया झालेल्या बायकांच्या पुनर्वसनावर प्रबंध लिहिता येतो. असा विषय घेऊ देणारे मार्गदर्शक तिथे आहेत का, हे आधी शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांना विचारा. आपल्या मुलांना तिथे कसं वागवतात, हेही त्यांनाच विचारा. हा प्रश्न विचारायला लाजू नका.

चौथं, पैशाचा हिशोब कागदावर मांडा. शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली फी किती, आणि महाविद्यालय मागतं किती? कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकार शिष्यवृत्ती, वर असेल तर फ्रीशिप. शासकीय वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजनेत मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महानगरपालिका क्षेत्रांत ५१ हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपयांची तरतूद आहे. पण हे पैसे उशिरा येतात, हा आमचा अनुभव. पहिल्या सहा महिन्यांचं जेवणखाण कुठून येणार, हे आधी ठरवा. काही महाविद्यालयांत विद्यावेतन मिळतं, तेही विचारा.

पाचवं, कागद. उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, अधिवास. वडील फडावर असताना तलाठ्याच्या अहवालासाठी मुलगी एकटी हेलपाटे घालते. म्हणून दसऱ्याआधी, गाड्या भरायच्या आधी कागद करून ठेवा. मागे एका मुलाला एका खासगी महाविद्यालयाने प्रवेशाच्या दिवशीच सगळी फी भरायला सांगितली. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून अशी फी मागू नये असे शासनाचे निर्देश आहेत, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो गुपचूप परत आला आणि जागा गेली. त्या दिवशी त्याच्यासोबत आपल्यापैकी एकजण जरी असता, तरी ती जागा वाचली असती.

परदेशाचं स्वप्न असेल तर तेही मोठ्याने बोला. अमेरिकेत फिजिकल थेरपीचं शिक्षण पदवीनंतरच सुरू होतं, आणि ज्या कोलंबियात बाबासाहेब शिकले तिथेही तो अभ्यासक्रम चालतो. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. बीडच्या मुलीने तिकडे अर्ज करू नये, असं कुठल्या घटनेत लिहिलंय?

संघटनांनाही दोन शब्द

सगळा भार मुलांवर टाकून चालणार नाही. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जेवढे पैसे जातात, तेवढ्यात एका विद्यार्थिनीचे पहिले सहा महिने निघतात. प्रत्येक तालुक्यात प्रवेशाच्या काळात दोन जाणकार कार्यकर्ते बसले पाहिजेत. मराठवाड्यात शासकीय फिजिओथेरपीच्या जागा वाढाव्यात, अंबाजोगाईच्या रुग्णालयाशी जोडून हे शिक्षण उभं राहावं, ही मागणी निवेदनांत आली पाहिजे. पुतळ्याची मागणी करायला आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. पदव्युत्तर जागांची मागणी करायला मात्र शिकावं लागेल, आणि ते बाबासाहेबांनी १९४२ लाच करून दाखवलंय.

त्या मुलीसोबत आम्ही त्या संध्याकाळी चार तास बसलो. 'मिळेल ते' खोडलं. रुग्ण कुठे, मार्गदर्शक कोण, वसतिगृह किती लांब, एकेक बघत तिने स्वतः क्रम लावला. पहिल्या क्रमांकावर एक जुनं सरकारी रुग्णालय टाकलं. उठताना म्हणाली, "लागलं नाही तर पुढच्या वर्षी परत हेच टाकीन."

आम्ही म्हणालो, टाक. आम्हीही इथेच बसलेले असू.

जय भीम! जय संविधान!